सनद मिळाल्यानंतरचा प्रश्न

फाय डेल्टा डेल्टा हे नाव आज अमेरिकेतल्या वकिलांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. नोव्हेंबर १९११ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पाच विद्यार्थिनींनी ही संघटना स्थापन केली. पुढे इतर विद्यापीठांतही तिच्या शाखा निघाल्या. विद्यार्थिनींबरोबर वकिली करणाऱ्या स्त्रियाही तिच्या सदस्य राहिल्या. सहा दशके चाललेली ही संघटना १९७२ मध्ये फाय अल्फा डेल्टा या मूळच्या पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. या शेवटाचा अर्थ लावणे वरवर सोपे वाटते: पुरुषांच्या संघटनेने स्त्रियांना आत घेतले, त्यामुळे वेगळ्या संघटनेचे प्रयोजन उरले नाही. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते निम्मेच आहे. स्त्रियांच्या अशा संघटना दोन कामे करत होत्या. एक काम व्यवसायात प्रवेश मिळवण्याचे होते. दुसरे काम प्रवेशानंतरचे होते: एकमेकींना धंद्याच्या खाचाखोचा शिकवणे, नाव सुचवणे, शिफारस करणे, जबाबदारीच्या जागेवर बसण्याची सवय लावणे. पहिले काम कायदे आणि न्यायालयांनी पूर्ण केले. दुसरे काम कुणाकडे गेले, हा प्रश्न विलीनीकरणाच्या वेळी जितका विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही, असे मला वाटते.

आधी या संघटनांचे स्वरूप समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडच्या महाविद्यालयांत त्यांच्यासारखे काही नाही. अमेरिकेत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेल्या विद्यार्थी संघटनांची परंपरा १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात निघालेल्या फाय बीटा कॅपापासून सुरू होते. अशा संघटनेत नुसते नाव नोंदवून प्रवेश मिळत नाही. जुने सदस्य नव्यांना निवडतात, दीक्षाविधी होतो आणि मग ते नाते जन्मभर टिकते असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच व्यवसायाच्या विद्यार्थ्यांसाठी अशा संघटना निघू लागल्या. कायद्याच्या क्षेत्रातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी फाय डेल्टा फाय १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झाली. तिच्या शाखांना लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थांवरून ‘इन’ म्हटले जाते आणि पहिल्या शाखेला जेम्स केंट या न्यायविदाचे नाव दिले गेले. तोवर अमेरिकेत बहुतेक वकील एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून तयार होत. विद्यापीठांचे कायद्याचे वर्ग वाढू लागले तसे पुस्तकी शिक्षण सुधारले, पण सीनिअरच्या हाताखाली राहून मिळणारी ओळखदेख, अशिलाशी बोलण्याची रीत, न्यायाधीशासमोर उभे राहण्याचा धीर यांची सोय वर्गात होत नव्हती. ती उणीव या संघटनांनी भरून काढली. जुने सदस्य न्यायाधीश, सिनेटर किंवा मोठ्या फर्मचे भागीदार होत आणि नव्या सदस्याला त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट मिळे. मात्र ही वाट जवळजवळ सगळी पुरुषांसाठीच होती.

ज्या १८६९ साली फाय डेल्टा फाय निघाली, त्याच वर्षी स्त्रियांच्या वकिलीचा प्रश्नही अमेरिकेत पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला. आयोवा राज्याने अरेबेला मॅन्सफील्ड यांना सनद दिली आणि त्या देशातल्या पहिल्या सनदधारक स्त्री वकील ठरल्या. त्याच वर्षी शिकागोत मायरा ब्रॅडवेल परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सनद नाकारली. ब्रॅडवेल कायद्याच्या जगात परक्या नव्हत्या. ‘शिकागो लीगल न्यूज’ हे वकिलांनी रोज हाताळायचे साप्ताहिक त्या स्वतः काढत होत्या. त्यांचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७३ मध्ये आठ विरुद्ध एक मताने त्या हरल्या. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी आपल्या स्वतंत्र मतात स्त्रीची नैसर्गिक भिडस्त वृत्ती आणि नाजूकपणा तिला अशा कामांना अपात्र ठरवतो, असा युक्तिवाद केला. विस्कॉन्सिनमध्ये लॅव्हिनिया गुडेल यांना १८७५ मध्ये असाच नकार मिळाला. कॅलिफोर्नियात क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ यांनी १८७८ मध्ये स्त्रियांना वकिलीची मुभा देणारे विधेयक विधिमंडळाकडून मंजूर करवून घेतले, आणि त्यानंतरही कायद्याच्या महाविद्यालयात शिकता यावे म्हणून त्यांना वेगळा दावा लावावा लागला. तो त्या जिंकल्या. एकेका राज्यात, एकेका न्यायालयात अशी ही लढाई चालली. इतिहासाच्या पुस्तकांत हाच भाग येतो, आणि तो यायलाच हवा. पण सनद हातात पडल्यावर या स्त्रियांचे काय झाले, याचा पुरावा दुसरीकडे सापडतो.

तो सापडतो मिशिगन विद्यापीठात. पुरुषांची पहिली संघटना जिथे निघाली, त्याच विद्यापीठाने १८७० पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तिथल्या कायद्याच्या विद्यार्थिनी आणि माजी विद्यार्थिनी यांच्यातून १८८७ मध्ये इक्विटी क्लब नावाचे पत्रमंडळ देशभर पसरले. स्त्री वकिलांची देशव्यापी अशी ही पहिली संघटना होती. वेगवेगळ्या गावांत एकट्या पडलेल्या सदस्या वर्षातून एकदा पत्र लिहीत, ती पत्रे एकत्र करून सर्वांना पाठवली जात. त्यांतले विषय पाहिले की सनदेनंतरची अडचण कळते. न्यायालयात टोपी घालायची की काढायची, हा त्यातला एक गंभीर प्रश्न होता. वकिलाने न्यायासनासमोर टोपी काढायची असा रिवाज होता, तर घरंदाज स्त्रीने बाहेर टोपी घालायचीच असा समाजाचा दंडक होता. म्हणजे वकील म्हणून शिष्टाचार पाळावा तर स्त्री म्हणून चूक, आणि उलट केले तरी चूकच. लग्न आणि वकिली एकत्र चालतील का, आरोग्य कसे सांभाळावे, गरिबांची प्रकरणे फुकट घ्यावीत की फी मागावी, यांवरही त्या लिहीत. एकाही कायद्याच्या पुस्तकात यांची उत्तरे नव्हती. ती एकमेकींनाच विचारावी लागत होती. सदस्यसंख्या जेमतेम तिशीच्या घरात असलेले हे मंडळ १८९० च्या सुमारास थांबले, पण गरज थांबली नाही. १९०८ मध्ये शिकागोच्या केंट कॉलेज ऑफ लॉमध्ये कॅपा बीटा पाय ही कायद्याच्या विद्यार्थिनींची पहिली ग्रीक नावाची संघटना निघाली आणि तीन वर्षांनी लॉस एंजेलिसला फाय डेल्टा डेल्टा.

फाय डेल्टा डेल्टाच्या जन्माची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. १० ऑक्टोबर १९११ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती अगदी थोड्या फरकाने मान्य केली. त्या मोहिमेत क्लारा फोल्ट्झही होत्या, आणि तोवर त्या लॉस एंजेलिसमध्ये सरकारी वकिलाच्या कचेरीत उपपदावर काम करत होत्या. मताधिकार मिळाल्यानंतर सुमारे महिन्याभराने या पाच विद्यार्थिनी एकत्र आल्या. जॉर्जिया बुलक, ग्लॅडिस मूर ब्राउन, सारा पॅटन डोहर्टी, ॲनेट हनली आणि व्हिअर रॅडर नॉर्टन ही त्यांची नावे. तेव्हा संपूर्ण देशातल्या वकिलांत शंभरामागे दोनसुद्धा स्त्रिया नव्हत्या. अमेरिकन बार असोसिएशनने पहिल्या स्त्री सदस्या घेतल्या त्या १९१८ मध्ये, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. अशा वेळी या पाचजणींनी पुरुषांच्या संघटनेचा साचा जसाच्या तसा उचलला: ग्रीक अक्षरे, शाखा, दीक्षा, अधिवेशने, निवडून दिलेले पदाधिकारी. काहींना हे अनुकरण वाटेल. मला ते व्यवहारी शहाणपण वाटते. ज्या यंत्रणेतून पुरुषांना पदे मिळत होती ती बाहेरून पाहून त्यांना नीट कळली होती, आणि आपल्यासाठी तशीच यंत्रणा उभी करणे हा सरळ उपाय होता.

या यंत्रणेचे फळ कसे असते, हे दोन सदस्यांच्या वाटचालीत दिसते. संस्थापक जॉर्जिया बुलक यांनी लॉस एंजेलिसच्या स्त्रियांसाठीच्या विशेष न्यायालयात काम केले, मग त्या शहराच्या न्यायासनावर आल्या आणि १९३१ मध्ये गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांनी त्यांना सुपीरिअर कोर्टावर नेमले. कॅलिफोर्नियात त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. या नेमणुकांसाठी स्त्रियांच्या क्लबांनी आणि संघटनांनी चिकाटीने पाठपुरावा केला होता. दुसऱ्या सदस्या मेबल वॉकर विलब्रँट. दिवसा शाळेत शिकवून त्या संध्याकाळी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातच कायदा शिकल्या. वकील झाल्यावर त्यांनी गरीब आरोपी स्त्रियांची दोन हजारांहून अधिक प्रकरणे सार्वजनिक बचाव वकील म्हणून चालवली. १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्या देशाच्या सहायक महान्यायवादी झाल्या आणि १९२९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. दारूबंदीचे खटले, करविषयक प्रकरणे आणि तुरुंग प्रशासन त्यांच्याकडे होते. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी चाळीसहून अधिक प्रकरणांत युक्तिवाद केला. वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसन इथला स्त्रियांचा पहिला संघीय तुरुंग उभा राहण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नेमणुकीमागे त्यांच्या एका माजी प्राध्यापकाची आणि सिनेटर हायरम जॉन्सन यांची शिफारस होती. एकट्या फाय डेल्टा डेल्टामुळे हे घडले, असा दावा करणे चुकीचे ठरेल. पण न्यायाधीशपद किंवा सरकारी वकिलाचे पद गुणपत्रिका पाहून मिळत नाही, ते कुणीतरी नाव घेतल्याने मिळते, हे दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट दिसते. गुण असलेले नाव योग्य कानावर जायला हवे, आणि ते पोचवणारी माणसे एखाद्या संघटनेत तयार होतात.

यावर पहिला आक्षेप असा की अशा संघटना मुळातच निवडक लोकांचा कंपू असतात. ज्यांना निवडले त्यांचे भले, बाकीच्यांचे काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. ज्यू विद्यार्थ्यांना कायद्याच्या क्षेत्रात स्वतःच्या वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. अमेरिकन बार असोसिएशनने १९१२ मध्ये नकळत तीन कृष्णवर्णीय वकिलांना सदस्यत्व दिले, ते लक्षात येताच वादळ उठले आणि त्यानंतर अर्जावर वंश नमूद करण्याची सक्ती झाली. त्यातूनच १९२५ मध्ये कृष्णवर्णीय वकिलांनी नॅशनल बार असोसिएशन स्थापन केली. त्या काळातल्या कोणत्याही निवडक संघटनेचे कौतुक करताना हा संदर्भ विसरणे अन्यायाचे होईल. पण याच तथ्यांतून दुसरी गोष्टही सिद्ध होते. ज्यू, कृष्णवर्णीय आणि स्त्रिया या तिन्ही गटांनी बाहेर ठेवले गेल्यावर एकाच निष्कर्षाला येऊन स्वतंत्र संघटना काढली. सनद असूनही व्यवसायाच्या आतल्या वर्तुळाबाहेर राहणे म्हणजे निम्मे बाहेर राहणे, हे त्यांना अनुभवाने कळले होते. दोष वर्तुळांच्या बंदिस्तपणात होता. परस्परांना आधार देण्याची गरज मात्र खरी होती आणि आजही खरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ओळखी-शिफारशींची ही जाळी इतकी उपयोगी होती, तर १९५० च्या दशकात स्त्री वकिलांची अवस्था इतकी वाईट का राहिली? हार्वर्डने कायद्याच्या वर्गात स्त्रियांना १९५० मध्ये प्रवेश दिला. सँड्रा डे ओ’कॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून वरच्या क्रमांकाने बाहेर पडल्या, आणि लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या फर्मकडून त्यांना आले ते सेक्रेटरीच्या कामाचे बोलावणे. रुथ बेडर गिन्सबर्ग १९५९ मध्ये कोलंबियातून बरोबरीने पहिल्या आल्या आणि त्यांना न्यूयॉर्कच्या एकाही फर्मने घेतले नाही. या दोघी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. मग स्त्रियांच्या संघटनांनी केले काय? याचे प्रामाणिक उत्तर असे की त्यांच्या पोचेला मर्यादा होती. ज्या स्त्रिया स्वतःच खासगी फर्मच्या बाहेर होत्या, त्या दुसरीला आत कशा नेणार? सरकारी नेमणुकांत मतदार स्त्रियांचा दबाव कामी येत होता, खासगी भागीदारीत तोही चालत नव्हता. तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा लागला आणि भागीदार निवडतानाही लिंगभेद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिशन प्रकरणात १९८४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे कायद्याशिवाय जाळे अपुरे, हे मान्य करायलाच हवे. पण गिन्सबर्ग यांचे उदाहरण उलट बाजूनेही बोलते. त्यांना पहिली नोकरी मिळाली ती न्यायाधीश एडमंड पाल्मिएरी यांच्याकडे, आणि तीही जेराल्ड गुंथर या प्राध्यापकांनी त्यांच्यासाठी जोर लावला म्हणून. वर्गात पहिल्या आलेल्या व्यक्तीलाही एका माणसाच्या शिफारशीची गरज पडली. जाळ्याशिवाय गुणवत्ता अपुरी, हेही तितकेच खरे.

आता शेवटाकडे पाहू. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांत स्त्रिया शंभरात चारच्या आसपास होत्या. १९६८ मध्ये कायद्यासह बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करभरतीतून मिळणारी सवलत बंद झाली, वर्गांत जागा रिकाम्या पडू लागल्या आणि त्याच वेळी स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती. १९८० पर्यंत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर गेले. नव्या पिढीच्या विद्यार्थिनींना दीक्षाविधी आणि ग्रीक अक्षरांची ओढ नव्हती. त्यांनी सर्वांना खुल्या अशा विद्यार्थिनी संघटना काढल्या, स्त्रिया आणि कायदा या विषयाचे वर्ग सुरू करायला लावले, खटले लढवले. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शैक्षणिक संस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या, ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीवर सही केली. दोन वर्षांनी केलेल्या दुरुस्तीत निव्वळ सामाजिक स्वरूपाच्या विद्यार्थी संघटनांना त्यातून सूट मिळाली, व्यावसायिक संघटनांना मिळाली नाही. म्हणजे मौजमजेसाठी जमणारे मंडळ फक्त पुरुषांचे राहू शकत होते, वकिलांचे किंवा औषधनिर्मात्यांचे मंडळ तसे राहू शकत नव्हते. हा भेद विचारपूर्वक होता: व्यावसायिक संघटना म्हणजे उपजीविकेची वाट, आणि ती वाट लिंगावरून अडवता येणार नाही. फाय डेल्टा डेल्टाचे विलीनीकरण त्याच वर्षीचे असले तरी कायद्याच्या धाकाने ते झाले असे म्हणता येत नाही, कारण कायद्याचे सविस्तर नियम १९७५ मध्ये आले. वाऱ्याची दिशा मात्र सर्वांना कळली होती. १९७८ मध्ये तर पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या व्यावसायिक संघटनांची दोन वेगवेगळी शिखर मंडळेही एकत्र आली.

इथे तिसरा आक्षेप येतो: पुरुषांच्या संघटना स्त्रियांना खुल्या व्हाव्यात असे म्हणायचे आणि स्त्रियांची वेगळी संघटना टिकावी असेही म्हणायचे, हे दुटप्पीपणाचे नाही का? तत्त्व म्हणून एकत्र येणेच योग्य होते, याबद्दल मला शंका नाही. फक्त स्त्रियांपुरती मर्यादित राहण्याचा हक्क फाय डेल्टा डेल्टाने कायम मागावा, असे माझे म्हणणे नाही. माझा मुद्दा एकत्र येण्याच्या पद्धतीचा आहे. लहान संघटना मोठीत विलीन होते तेव्हा लहानीच्या सदस्यांना सदस्यत्व मिळते, पण पदे मिळतीलच असे नाही. स्त्रियांच्या संघटनेत अध्यक्ष, खजिनदार, अधिवेशनाच्या संयोजक, नियमावली लिहिणाऱ्या अशा सगळ्या जागांवर स्त्रियाच असत. सभा चालवणे, हिशेब मांडणे, विरोधकाला उत्तर देणे, निवडणूक हरून पुन्हा उभे राहणे हे शिक्षण तिथे साठ वर्षे मिळत होते. वर्गात शंभरात जेमतेम आठ-नऊ विद्यार्थिनी असलेल्या काळात पुरुषबहुल संघटनेत तेच शिक्षण तितक्या जणींना मिळणे केवळ संख्येच्या हिशेबानेही शक्य नव्हते. विलीनीकरणाने भेदभाव संपवण्याचे काम केले, पण ही तालीम चालू ठेवण्याची व्यवस्था आपोआप निर्माण केली नाही. ती व्यवस्था पुढे स्त्री वकिलांच्या बार संघटनांनी आणि महाविद्यालयांतल्या विद्यार्थिनी मंडळांनी नव्याने उभी केली, आणि त्या मंडळांची गरज आजही संपलेली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली, तरी मोठ्या फर्मच्या भागीदारांत त्यांचे प्रमाण अजून निम्म्याच्या बरेच खाली आहे. प्रवेशाचा आकडा वर गेला म्हणजे अधिकाराचा आकडाही वर जातो, असे नाही.

म्हणून फाय डेल्टा डेल्टाकडे केवळ संक्रमणकाळातली तात्पुरती सोय म्हणून पाहणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ती जिवंत असताना तिने एका व्यवसायाचे अलिखित शिक्षण बाहेर ठेवलेल्या माणसांपर्यंत पोचवले, आणि हे काम सनदेइतकेच महत्त्वाचे होते. भेदभाव दूर करणारा कायदा ही आवश्यक अट आहे, त्याच्यावाचून काहीच हलत नाही. पण कायदा कुणाला ज्युनिअर म्हणून हाताखाली घेत नाही, अशील पाठवत नाही, नेमणुकीच्या वेळी नाव सुचवत नाही. ही कामे माणसे करतात आणि संघटित माणसे ती सातत्याने करतात. बाहेर ठेवल्या गेलेल्यांची एखादी वेगळी संस्था मोठ्या प्रवाहात मिसळण्याचा दिवस येतो, तेव्हा तिचे स्वागतच व्हावे. त्या दिवशी तिने चालवलेल्या प्रत्येक कामाची यादी करावी आणि त्यातले कोणते काम पुढे कोण करणार, हे नावानिशी ठरवावे. ते न ठरवता केलेले विलीनीकरण समतेचे पहिले पाऊल असते, पण त्याला समतेची पूर्तता समजणे ही चूक आहे, आणि तिची किंमत पुढच्या पिढीला तेच काम पुन्हा पायापासून उभे करून मोजावी लागते.